आखाड्यावर कोण राहतं

आमच्या आखाड्यावर कोणीही राहत नाही, हे मला नांदेडच्या एका सभागृहात, पडद्यावरच्या नकाशावरून कळलं. आखाडा म्हणजे आमच्याकडं शेतातलं घर. कुस्तीशी त्याचा काही संबंध नाही. मुखेडपासून जरा आत, डांबरी रस्ता सोडून गाडीवाटेनं गेलं की आमचा आखाडा लागतो. तिथं माझी आई राहते. मी नकाशा बघत होतो त्या घटकेलाही ती तिथंच होती, बाजेवर बसून, नाकात नळी घालून, ऑक्सिजनच्या मशीनवर श्वास घेत.

ती सभा नेमकी कशाची आहे, हे मला अर्धा वेळ उमगलंच नव्हतं. वीज कंपन्यांवर आता वरून बंधन आलंय म्हणे: जुनं झालेलं विजेचं जाळं नवं कसं करणार, त्याचा आराखडा आधी तयार करा, लोकांना बोलावून दाखवा, त्यांचं म्हणणं ऐका. गावानं या 'लोकां'मध्ये मला पाठवलं, कारण मी लातूरला कॉलेजात इतिहास शिकवतो. शिकलेल्या माणसाला सगळंच कळतं असा आमच्या गावाचा समज आहे आणि तो मोडायची हिंमत मला कधी झाली नाही. म्हणून मी इस्त्रीचा शर्ट घालून दुसऱ्या रांगेत बसलो होतो आणि समोर फीडर, उपकेंद्र, लोड, स्मार्ट मीटर असे शब्द एकामागून एक चालले होते. मी माना डोलावत होतो. शेजारचे एक गृहस्थ माझं बघून डोलावत होते.

निघताना धाकट्या भावानं बजावलं होतं, "दादा, तिथं काही आडवं लावू नका. योजना लई चांगली हाय. दिवसा लाईट द्यायलेत, दिवसा!"

त्याचा आनंद मला समजत होता. शेतीच्या लाईनीला मोटार चालण्याइतकी वीज येते ती पाळीपाळीनं, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीत भाऊ बॅटरी आणि काठी घेऊन हरभऱ्याला पाणी द्यायला जातो आणि साप बघून परत येतो. आता सौर प्रकल्प होणार, शेतीच्या लाईनी गावाच्या लाईनींपासून वेगळ्या होणार, शेतीला दिवसा वीज आणि गावाला चोवीस तास. यात वाईट काय आहे? मी तर टाळ्या वाजवायच्याच तयारीनं गेलो होतो.

फक्त एक गोष्ट होती. मोटारींची पाळी नसते तेव्हा आमच्या लाईनीवर एक फेज चालू ठेवतात. तिच्यावर मोटार चालत नाही, पण घरातला दिवा, पंखा चालतो, आणि आईचं मशीनही चालतं. चुलीच्या धुरात उभं आयुष्य काढलेल्या बाईची छाती आहे ती. डॉक्टरांनी सांगितलंय की रात्री मशीन सुटता कामा नये. इन्व्हर्टर आहे, पण तो रात्रभर पुरत नाही. मग दिवसा वीज म्हणजे रात्रीचं काय, एवढंच मला विचारायचं होतं. मी उठलो आणि विचारलं. आवाज उगाच वर्गातल्यासारखा निघाला.

पुढं बसलेल्या इंजिनिअर बाई सभ्य होत्या. त्यांनी नकाशा मोठा केला. आमच्या बाजूचा सगळा भाग हिरवा होता. गावांच्या जागी ठिपके होते, आखाड्यांच्या जागी नुसता हिरवा रंग. "सर, या लाईनीवर रात्री पुरवठा ठेवायची गरज नाही. तिथं वस्ती शून्य आहे."

"शून्य कशी? माझी आई राहते तिथं."

"सर्व्हेत तसं आलंय, सर. प्रत्येक ठिकाणी माणूस जाऊन आलाय. तुमच्याच लोकांनी सांगितलंय."

मी खाली बसलो. रागवावं तर कोणावर, हे कळेना. आणि मग हळूहळू एक फोन आठवायला लागला.

हा सर्व्हे झाला तेव्हा आईनंच मला लातूरला फोन करून मोठ्या खुशीत सगळं सांगितलं होतं. आमच्याकडं एक जुनी रीत आहे. लाईटवाल्यांची गाडी रस्ता सोडून आत वळली की पहिल्या आखाड्यावरून पुढच्याला फोन जातो, "पाहुणे येऊन राहिले." बस, तेवढं पुरतं. पुढच्या आखाड्यावरचा, चोरून वीज घ्यायला तारेवर टाकलेला आकडा खाली येतो, त्याच्या पुढचा येतो, आणि गाडी पोचेपर्यंत सगळ्या शिवारात सोवळं झालेलं असतं. आमचा आकडा नाही, पण घरातला दिवा मोटारीच्या पेटीतून वायर ओढून आणलेला आहे, आणि ते नियमात बसत नाही. घरासाठी मीटर मागितलं होतं. जवळ खांब नाही म्हणून ते राहिलं.

त्या दिवशीही फोन आला, पाहुणे येऊन राहिले. भाऊ मुखेडला होता. त्याची बायको-पोरं शाळेपायी तिथंच भाड्यानं राहतात. तो दिवसभर शेतात असतो आणि कधी इकडं, कधी तिकडं झोपतो. मुखेडची जागा वरच्या मजल्यावर आहे, आईला तो जिना चढवत नाही आणि आखाडा सोडायचाही नाही. म्हणजे कायमची राहणारी म्हणाल तर ती एकटीच. तिनं नाकातली नळी काढली, मशीन बंद केलं, त्याच्यावर वाकळ टाकली, वायर गुंडाळून कडब्यात लपवली आणि बाहेर येऊन तूर निवडत बसली. टॅब घेतलेला माणूस आला. त्यानं विचारलं, इथं कोण कोण राहतं, रात्री लाईट लागते का. तो आकडे पकडायला आलेला नव्हता. आराखड्यासाठी घरं मोजायला आला होता. पण हे त्यानं सांगितलं असतं तरी कोणी खरं मानलं नसतं.

"मी म्हनलं, हितं कोन राहतंय बापा? ढोरं राहत्यात. आमी गावात असतो, दिवसा येऊन जातो," आई फोनवर सांगत होती. मधूनमधून तिला धाप लागत होती आणि तरी हसू थांबत नव्हतं. "पानीसुदिक पाजलं त्याला. लई गरीब मानूस व्हता."

शेजारच्या सगळ्या आखाड्यांवर हेच झालं असणार. सगळ्या शिवारानं एकमुखानं सांगितलं की आम्ही नाही आहोत, आणि कंपनीनं ते ऐकलं. पहिल्यांदा कोणीतरी आमचं ऐकलं आणि ते हे!

सभेत मी पुन्हा उठलो. पण आता बोलायचं काय? आमची माणसं खोटं बोलली म्हणायचं, तर पुढचा प्रश्न येणार, का बोलली. आराखडा चुकीचा आहे म्हणायचं, तर भावाची दिवसाची वीज अडायची. बरोबर आहे म्हणायचं, तर आई. माझी अशी ततपप झाली की शेजारच्या गृहस्थांनीही मान डोलवायची थांबवली. शेवटी मी एवढंच म्हणालो की आमच्याकडं माणसं राहतात, ती थोडी लाजाळू आहेत. लोक हसले. इंजिनिअर बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, फेरपाहणी होणार आहे. महिन्या-दोन महिन्यांत माणूस येईल. घर राहतं दिसलं, राहणारं माणूस समोर दिसलं, तर त्या लाईनीला रात्रीचा पुरवठा धरता येईल. नाही दिसलं तर माझ्या हातात काही नाही."

मी मुखेडची एसटी धरली. वाटभर डोक्यात त्याच त्या गोष्टी फिरत होत्या आणि एकही जागेवर बसत नव्हती.

आखाड्यावर सांगितल्यावर भाऊ चिडला. "म्हंजी आता वायर दाखवायची? सगळ्या आखाड्यांचे आकडे निघतील, दादा. लोक मला शिवारात फिरू देणार न्हाईत." मी म्हणालो, मग माय? त्याचंही खोटं नव्हतं. आई मात्र दोघांकडं आळीपाळीनं बघत होती.

"म्हंजी त्ये चोर धराया न्हवते आले?"

"नाही."

"मंग मोजाया कामून आले? हितं मानसं हायेत का न्हाई, हे त्येंला ठावं न्हाई?"

खरं तर मला तिचाच राग आला होता, आणि तिच्याकडं बघितलं की तो टिकत नव्हता. स्वतःच्या श्वासाची तार काढून तिनं घर वाचवलं होतं. ते घर कोणी घ्यायला आलंच नव्हतं, हे तिला कसं समजावायचं?

शेवटी तिनंच ठरवलं, पाहुणे आले की मशीन चालू ठेवायचं, नळी लावून दारात बसायचं आणि सांगायचं, मी राहते. वायरीचं काय व्हायचं ते होऊ दे. मी सुटलो असं वाटून लातूरला आलो.

फेरपाहणी अजून आली नव्हती. त्याआधी आईची छाती भरली. लाईट कमी दाबानं यायला लागली होती, मशीन मध्येच कुरकुर करून थांबायचं. लातूरच्या डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं, आजच्या आज घेऊन या, आणि बरं वाटलं तरी काही महिने इथंच ठेवा. मी गाडी घेऊन गेलो. गेली कित्येक वर्षं मी तिला लातूरला चल म्हणत होतो आणि ती नाही म्हणत होती. आता ती येणार होती, आणि मला धड आनंद होईना. ती आखाड्यावर राहिली तर तिचा जीव जायचा. ती लातूरला आली तर पाहणीवाल्याला बंद घर दिसणार, रात्रीची वीज कायमची जाणार, आणि मग बरी होऊन ती परत जाणार कुठं? तिला न्यायला आलेला मी मनातल्या मनात म्हणत होतो, अजून थोडे दिवस थांब. असा विचार करणाऱ्या पोराला काय म्हणावं, मला कळत नाही.

आम्ही दोघांनी तिला धरून गाडीत बसवलं. छोटं सिलिंडर पायाशी ठेवलं. भाऊ काच धरून उभा राहिला. "माय, त्ये आले आन् तू न्हाईस, तर म्या काय सांगू?"

तिनं नाकातली नळी नीट बसवली.

"सांग, हितं मी राहते."

"आन् इचारलं, मंग हाय कुठं?"

"श्वास घ्यायला गेलीय म्हनावं. लातूरला. घेऊन येती म्हनावं."

भाऊ मान हलवून 'हाव' म्हणाला. मी गाडी सुरू केली.