एका हातानं खेळायचा खेळ

लोकांची मतं वाचणं हा माझा धंदा आहे. पेडण्यातल्या आमच्या घरात जनेलाजवळ, खिडकीच्या उजेडात टेबल टाकून मी लॅपटॉपसमोर बसते आणि जगभरातल्या माणसांनी व्हिडिओ गेमविषयी लिहिलेली मतं वाचते. प्रत्येक मतावर एक खूण करायची: आवडला, नावडला किंवा मिश्र. त्या खुणांचं पुढे काय होतं हे मला कुणी सांगितलेलं नाही, मीही विचारलेलं नाही. आई शेजाऱ्यांना सांगते की मी बँकेचं काम करते. मी ते खोडून काढत नाही, कारण खरं काम समजावून सांगायला गेले की समोरच्याचा चेहरा असा होतो की मलाच माझी दया येते.

आणि आमचे बाबा पायलट. विमानाचे नव्हेत. आमच्याकडे मोटारसायकलवर मागे बसवून भाडं नेणाऱ्याला पायलट म्हणतात. गाडी काळी आणि पुढचं मडगार्ड पिवळं. मोपाला विमानतळ झाल्यापासून परक्या माणसांना हे सांगताना भलतीच पंचाईत होते. बाजारातल्या स्टँडवर बाबांनी उभी हयात काढली. बाजार करून परत निघालेल्या म्हाताऱ्या, कोर्टाची तारीख चुकेल म्हणून घाबरलेली माणसं, मोरजीला जायचं असून भलत्याच गावात उतरलेले परदेशी पाहुणे, सगळे त्यांच्या मागे बसून गेले.

काजूच्या दिवसांत कोरगावच्या उतारावर बाबा पडले. रस्त्यावर खडी सांडलेली होती आणि समोर वासरू आलं. गाडीवर मागे कुणी नव्हतं हे नशीब, डोक्यावर हेल्मेट होतं हे त्याहून मोठं नशीब. डाव्या मनगटाचं हाड मोडलं आणि कोपरापर्यंत प्लास्टर चढलं.

त्या दिवसापासून घरात एकच विषय. बाबांनी पुन्हा गाडी चालवायची की नाही?

माझा मोठा भाऊ फोंड्याला नोकरी करतो. दादाचं म्हणणं ठाम होतं: वय झालं, नजर कमी झाली, विमानतळाच्या रस्त्यावर गाड्या वेड्यासारख्या धावतात, इन्शुरन्सवाले उद्या हात वर करतील, तर गाडी विकून टाकायची. मी त्याच्या बरोब्बर विरुद्ध. मी म्हटलं, बाबांचा जीव त्या गाडीत आहे. गाडी काढून घेतलीस तर माणूस खुर्चीत बसून वाळून जाईल. फोनवर आमची अशी जुंपायची की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "हळू गो, पोदेर दारात रवलो हा!" पाववाल्यासमोर घरची लक्तरं नकोत, एवढंच तिचं मत. दादाचा फोन आला की बाबा मात्र प्लास्टरवरची धूळ झटकत बसत.

शेवटी आई देवळात कौल लावायला गेली. देवाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात; उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. आई घरी आली ती गोंधळूनच. दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या होत्या. गुरव म्हणाला, प्रश्न साफ नाही, नीट विचार करून परत या. मला हसू आवरेना. माझ्या कामाच्या हिशेबानं देवानंसुद्धा 'मिश्र' अशी खूण केली होती.

नेमका त्याच आठवड्यात माझ्याकडे एका जुन्या गेमच्या मतांचा गठ्ठा आला. पडद्यावर बाण फिरवून टिचकी मारत खेळायचा जुन्या पद्धतीचा खेळ, आणि त्याचा नायक मोटारसायकलवाला. मोठ्या जबड्याचा, कमी बोलणारा. मोटारसायकली बनवणाऱ्या शेवटच्या कारखान्याच्या म्हाताऱ्या मालकाचा खून होतो, आळ ह्याच्यावर येतो आणि हा खऱ्या गुन्हेगाराच्या मागे लागतो. एवढं मला मतांवरूनच कळलं. बाकी काही कळेना. एकानं लिहिलं होतं, 'खेळ फार छोटा, एका दुपारीच संपतो, फसवणूक आहे.' त्याच्या खालीच दुसरा: 'छोटा आहे म्हणून तर दर वर्षी खेळतो.' तिसऱ्याला कारखान्याच्या भिंतीला नेमकी कुठे लाथ मारायची हे सापडेना, त्यावरून बायकोशी अबोला झाला, आणि तरी शेवटी म्हणतो, याच्यासारखा खेळ दुसरा नाही. चौथा म्हणे, 'खाणीच्या रस्त्यावरची मारामारी ज्यानं बनवली त्याला माझ्यासमोर उभा करा.' आणि पूर्ण तारे! एका बाईनं लिहिलं होतं की तिला मोटारसायकलींचा तिटकारा आहे आणि हा खेळ फार आवडतो. आता ह्यांना काय खूण करायची? आवडला म्हणावं तर शिव्या दिलेल्या, नावडला म्हणावं तर डोळ्यांत पाणी. मी सगळ्यांना मिश्र, मिश्र करत सुटले. तेव्हा वरून निरोप आला की इतकं मिश्र चालणार नाही, जरा लक्ष देऊन वाचा.

लक्ष काय देणार, कपाळ! शेवटी म्हटलं, खेळ एकदा बघूनच घ्यावा. मी तो लॅपटॉपवर उतरवला आणि पहिलंच चित्र सुरू झालं तेव्हा बाबा मागे येऊन उभे राहिले.

"ही गाडी खंयची?" त्यांनी विचारलं.

"खरी न्हय ती, बाबा. खेळ हा."

ते कदेल ओढून शेजारी बसले आणि थोड्या वेळानं माझ्या हातातला माऊस त्यांच्या हातात गेला. खेळायला एकच हात लागतो, आणि त्यांचा उजवा हात रिकामाच होता. दिवसभर पेपरातल्या मरणाच्या जाहिराती वाचणारा माणूस खुलला, म्हणून मीही दिला.

बाबांइतका वाईट खेळाडू त्या गेमला जगात दुसरा मिळाला नसेल. पडद्यावर टिचकी मारली की हात, बूट, डोळे आणि तोंड अशी चित्रं येतात. हातानं घ्यायचं, बुटानं लाथ मारायची, असा सगळा कारभार. नायकानं पहिल्या बंद दाराला लाथ मारायची असते. बाबा तयार नाहीत. "लाथ कित्याक? माणूस न्हिदलेलो आसात, झोप मोडात. हाक मार म्हण तेका." मग बराच वेळ ते तोंडाच्या चित्रावर टिचक्या मारून त्या दाराशी बोलत बसले. नायकाच्या डोक्यावर हेल्मेट नाही ह्याचा त्यांना इतका राग आला की ते प्रत्येक नव्या चित्रात पहिल्यांदा हेल्मेट शोधायचे.

खरी अडचण पेट्रोलची झाली. पुढे जायला नायकाला पेट्रोल चोरावं लागतं. मतं वाचून मला ते ठाऊक होतं, मी सांगितलंही. बाबा माऊस सोडून मागे टेकले. "चोरी मी करूचंय नाय." मी म्हटलं, बाबा, हा खेळ आहे. तर म्हणाले, खेळ असला म्हणून काय झालं, स्टँडवरच्या माणसांना कळलं तर काय म्हणतील? मग त्यांनी स्वतःचा मार्ग काढला. आपल्याकडे गाडी मध्येच बंद पडली तर कोपऱ्यावरच्या एखाद्या गाड्यावर पाण्याच्या बाटलीत भरलेलं पेट्रोल मिळतंच मिळतं. तेव्हा त्या वाळवंटातही कुणाकडे तरी बाटली असणार, अशी त्यांची खात्री. त्यांनी प्रत्येक दगडावर, प्रत्येक मोडक्या डब्यावर, प्रत्येक माणसावर टिचकी मारली. पालथ्या घड्यावर पाणी. "ह्या कसला गाव? पेट्रोलाची एक बाटली नाय!" असं म्हणून ते चहा प्यायला उठले. ते गेल्यावर मी गुपचूप पेट्रोल चोरून ठेवलं. परत येऊन त्यांनी टाकी भरलेली बघितली, माझ्याकडे बघितलं आणि गाडी पुढे काढली.

खाणीच्या रस्त्यावरची मारामारी आली तेव्हा आईसुद्धा भाजी निवडायची परात घेऊन येऊन बसली. आई मूळची डिचोलीची. लाल धूळ आणि खाणीचा माल नेणारे टिपर ट्रक बघतच मोठी झालेली. "आमच्या रस्त्यार टिपरवाले निदान हॉर्न तरी मारीत," ती म्हणाली. बाबा तिथे किती वेळा आपटले ह्याला गणतीच नाही. दर वेळी पडद्यावर गाडी कोसळली की ते माऊस सोडून उजव्या हातानं आपलं डावं मनगट धरायचे. मला वाटलं, प्लास्टरच्या आत खाज येत असेल.

एकदाचा खेळ संपला. पुढे प्लास्टरही निघालं. मी बाबांच्या नकळत गाडी धुऊन घेतली, पिवळ्या मडगार्डला नवा रंग लावून घेतला आणि दादाला मुद्दाम फोटो पाठवला. जिंकल्यासारखं वाटत होतं. बाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मडगार्डवरून हात फिरवला, म्हणाले, "बरा केलंस गो." मग गाडी सुरू केली, फाटकापर्यंत नेली आणि परत आणून लावली.

"क्लच कडक झालो हा," म्हणाले.

मेकॅनिककडून क्लच सैल करून आणला, तर म्हणाले मळब आलंय. मळब गेलं, तर आज बाजाराचा दिवस नाही, गिऱ्हाईक असायचं नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात तसा प्रकार, पण तेव्हा माझ्या डोक्यात तो प्रकाश पडेना. मला सगळा दोष दादाचा दिसत होता. मी त्याला फोन करून झाडला: "तू म्हातारो, म्हातारो करून बाबांचो धीर घालवलंस!" दादा म्हणाला, मी काळजीपोटी बोलतो. मी म्हटलं, काळजी तुझ्या इन्शुरन्सची. फोन आदळला तेव्हा बाबा दारात उभे होते. त्यांनी मान खाली घातली आणि लॅपटॉपशी जाऊन तोच खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.

ह्या वेळी ते झपाझप पुढे गेले. पेट्रोलसुद्धा त्यांनीच चोरलं. मला ते आवडलं नाही, का ते सांगता येईना.

शेवटी काय होतं ते सांगते. त्या मोटारसायकलवाल्याला एक बाई भेटलेली असते, गाड्या दुरुस्त करणारी, हातात हुन्नर असलेली. सगळं निस्तरल्यावर तो तिच्याजवळ थांबेल असं वाटतं. पण तो गाडी सुरू करतो आणि एकटाच निघून जातो. ह्या एका गोष्टीवरून मत देणाऱ्यांत नुसती मारामारी आहे. बाबांच्या शेजारी बसून मी त्यांना ती मतं आमच्या भाषेत सांगत होते. एक म्हणतो, तो पळपुटा. दुसरा म्हणतो, असल्या मोकळ्या माणसाला कोण बांधून ठेवणार? रस्ता हेच त्याचं घर. तिसरा म्हणतो, मी लहान होतो तेव्हा हे बघून मला त्याच्यासारखं व्हायचं होतं, अजून व्हायचंय.

"मोकळो खंयचो?" बाबा म्हणाले. "तेका थांबूचा होता."

"मग थांबलो कित्याक नाय?"

"सगळे बघतत गो. ती पण बघता. सगळ्यांका वाटता, हो गाडयेशिवाय जगूचो नाय. आता गाडी सुरू करून बसल्यार उतरतलो कसो?"

इतक्या लोकांची मतं मी वाचली होती, पण असं मत कुणाचंच नव्हतं. मी हसून काहीतरी म्हणणार होते, तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. माऊस सोडून उजव्या हातानं त्यांनी डावं मनगट धरलेलं होतं. प्लास्टर तर कधीच निघालेलं.

"बाबा," मी विचारलं, "तुका गाडी चालवूची नाय?"

त्यांनी पडद्यावरची नजर हलवली नाही.

"भंय वाटता," ते म्हणाले. "त्या दिसापासून. उतार दिसलो काय हात थंड पडता. फाटकापर्यंत जातंय, आणि पुढे जावक होयना."

"मगे इतके दीस सांगूक नाय कित्याक?"

"तू माज्यासाठी सख्ख्या भावावांगडा भांडलंस. मडगार्ड रंगवून हाडलंस. तुका कसा सांगू?"

मला पहिल्यांदा राग आला. खूप राग आला, आणि कुणावर ते कळेना. मग लाज वाटली, मग हायसं वाटलं, मग पुन्हा राग. दादाचं म्हणणं बरोबर ठरलं होतं, पण त्यानं दिलेलं एकही कारण खरं नव्हतं. माझं म्हणणं सपशेल चुकलं होतं, आणि बाबांवर माया माझीच जास्त आहे असं मी धरून चालले होते. आई, देव, दादा, मी, सगळ्यांनी बाबांविषयी मतं दिली. बाबांना विचारलं कुणीच नव्हतं.

"गाडी सोडतंय. दादाक तूच सांग," बाबा म्हणाले. "माज्या तोंडातसून येवचा नाय."

मी फोन लावला. दादानं उचलता उचलताच म्हटलं, "परत भांडाक फोन केलंस?"

"नाय. बाबा गाडी सोडतंय म्हणता."

दादाचा विश्वास बसेना. मग संशयानं: "तू काय बोललंस तेका?"

"काय नाय. इचारला. भंय वाटता म्हणालो."

"बाबाक?" दादाचा आवाज एकदम लहानपणचा झाला. "बाबाक भंय वाटता?"

"हां."

"रडता काय तो?"

मी वळून बघितलं. बाबा कदेलाला पाठ टेकून, पाय लांब करून बसले होते. पडल्यापासून असे सैल बसलेले मी त्यांना पाहिलेच नव्हते.

"नाय," मी म्हटलं.

"मगे," दादानं विचारलं, "रडता कोण?"