गोठ्याचे चकचकीत स्क्रू

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. कळंबमध्ये माझं हार्डवेअरचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणतं, अप्पा खोटं बोलत नाहीत. मग कुठल्या तोंडानं सांगणार?

पत्र्याचे स्क्रू घेताना लोक चकाकीला भुलतात. गोठ्याला मात्र मळकट दिसणारेच लागतात — त्यांच्यावर जस्ताचा जाड थर असतो. चकचकीत स्क्रूवरचा थर पातळ, शेणामुताची वाफ तो वर्षभरात खाऊन टाकते. हे मला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं.

येरमाळ्याच्या सुशीलाबाईंना त्यांच्या गोठ्यावर पत्रे घालणाऱ्या दत्तू मिस्त्रीनं बजावून पाठवलं होतं — मळकटच आणा. माझ्याकडचे संपले होते. ‘नाहीत’ म्हणायला काय झालं होतं? पण आलेलं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं की माझा जीव जळतो. खोड आहे माझी, वाईट खोड. मी चकचकीत दिले. काम सुरू करण्याआधी दत्तूनं फोन केला, “अप्पा, ह्ये गोठ्याला चालत्याल का?”

“नवं कोटिंग हाय. बिनघोर मार,” मी म्हणालो. त्यानं मारले.

दुसऱ्या उन्हाळ्यात वावटळ आली. सुशीलाबाई म्हशी सोडायला धावल्या आणि पत्रा उडून त्यांच्या हातावर आला. कोपर अजून सरळ होत नाही.

दोघं दुकानात आले. दत्तूनं गंजून तुटलेले स्क्रू काउंटरवर ठेवले आणि माझ्याकडं बघत राहिला. मी खरं सांगेन असं त्याला वाटत होतं. आणि मी — मी म्हणालो, “मशीननं लई आवळलं की थर निघतो. फिटिंग चुकलंय.”

बाईंनी त्याच्याकडं पाहिलं. तो एवढंच म्हणाला, “आसंल. तुमाला जास्त कळतंय, अप्पा.”

पुढं त्याला पत्र्याचं काम कुणी दिलं नाही. धाराशिवला एका गोदामात तो पोती उतरवतो. भेटला की अजून रामराम घालतो, आणि मी निर्लज्जासारखा घेतो. त्यानं स्क्रू नीटच बसवले होते. चुकीचे मी दिले होते, जाणूनबुजून.

सुशीलाबाई अजून माझ्याकडूनच सामान नेतात. मागच्या आठवड्यात आल्या होत्या. वाकडा हात पुढं करून म्हणाल्या, “त्या दत्तूनं वाटुळं केलं बघा माझं.”

मी खिळे तोलले आणि पुडी त्यांच्या दुसऱ्या हातात दिली.