मागच्या रांगेतली वैद्यीण

सेनापती जन्मावा लागतो, असं देवासच्या जुन्या मराठी घरांत अजून गंभीरपणे सांगतात. आमच्या शेजाऱ्यांचे पूर्वज धारच्या दरबारात होते. त्यांची स्वतःची फौज मात्र सहा जणांची आहे आणि ती एका जुन्या कॉम्प्युटर गेममध्ये तळघरातळघरांतल्या राक्षसांशी लढते. योद्ध्यांना ते नातलगांची नावं देतात. पुढे काका, मामा, चुलतभाऊ तलवारी घेऊन उभे. जखमा बऱ्या करणारी वैद्यीण सगळ्यांत मागे. तिला नाव दिवंगत पत्नीचं. तिचा मंत्र फक्त जवळच्यालाच लागू पडतो. त्यामुळे शेजारी "काका, संभाल के!" असं ओरडतात आणि काका दर लढाईत मरतात.

"वहिनींना जरा पुढे आणा की," मी एकदा म्हणालो. "चिलखत घाला हवं तर."

"रहने दो भिया." त्यांनी माउसवरचा हात काढला. "आईच्या आजारपणात तिला एकटीलाच गावी, कुक्षीला पाठवलं होतं. मला म्हणे रजा नव्हती. तिकडे तापाची साथ. आई उठली, ही नाही उठली."

त्यांनी खेळ पुन्हा पहिल्यापासून लावला.

इतक्या वर्षांत ही फौज पहिल्या तळघरातून बाहेर पडलेली नाही.