बाहीची किनार

मध्ययुगीन कपड्यांच्या किनारींवर संशोधन करते म्हटलं की लोक आधी हसायचे. आमचे मार्गदर्शक सरही म्हणाले होते, राजे-रजवाडे सोडून गोट-किनारी कसल्या धरून बसता? मी हट्टानं तोच विषय घेतला.

आमच्या शहराचं नाव अजून खडकी होतं त्या, साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वीच्या काळातल्या अंगरख्याची एक बाही मला छावणी भागात मिळाली, आईच्या मैत्रिणीकडे. त्यांना मी खाला म्हणायची. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर त्यांच्या घरातलं बरंच काही विकलं गेलं, ही बाही तेवढी राहिली. तिच्या मनगटाशी बोटभर रुंद रेशमी वेल होती. कारागिराला पट्टी कमी पडली असावी. शिवणीपाशी त्यानं तुकडा जोडला होता आणि तिथून पानं चक्क उलटी वळली होती. मला इतका आनंद झाला की मी खालांचे हातच धरले. विद्यापीठातल्या आमच्या विभागाच्या संग्रहासाठी बाही देताना त्या एवढंच म्हणाल्या, "इसकी किनार को कैंची नक्को लगने देना, बेटी." मी शब्द दिला.

पुढच्याच महिन्यात विभागात बडे पाहुणे येणार होते. बाही भिंतीवर लावायला सरांनी औरंगपुऱ्यातून फ्रेम करून आणली, तीही माप न घेता. ती नेमकी किनारीपुरती आखूड भरली. आत दुमडा, म्हणाले. इतकं जुनं रेशीम घडीवर तुटतं, हे मी त्यांना परोपरीनं सांगितलं.

"मग कापा तेवढं. तुमच्याकडं फोटो हायेत ना?" असं म्हणून त्यांनी कात्री पुढं सरकवली.

माझं डोकंच फिरलं. मी कात्री सरळ पर्समध्ये टाकली.

"फ्रेम दुसरी मिळेल सर. बाही नाही मिळणार."

"मग मार्गदर्शकबी दुसरा बघा."

"बघते."

बाहीची दप्तरी नोंद अजून व्हायची होती. सरांच्या देखतच ती उचलली आणि खालांना परत नेऊन दिली.

दुसरा मार्गदर्शक मिळाला नाही. सरांच्या वाकड्यात कोण शिरणार? प्रबंध राहिला तो राहिलाच. चिंधीपायी पदवी घालवलीस, वाईट नाही का वाटत, असं नातेवाईक अजून विचारतात. वाटतं. एवढी वर्षं राबले, वाटणार नाही तर काय? पण खालांकडे आजही ताठ मानेनं जाते. सरही भेटतात कधी रस्त्यात. तोंड फिरवून जातात ते, मी नाही.