छतातल्या दिव्याची वायर

शाळेतून निवृत्त होऊन तीन महिने झाले होते आणि घरात माझा पाय ठरत नव्हता. तीस वर्षं विज्ञान शिकवलं. आता दुपारी कुकर उतरवला की पुढं काय, हेच कळेना. कपाटं एकदा लावून झाली, मग परत लावून झाली. शेवटी एक दिवस येरमाळ्याची बस धरली, आमच्या मळ्यावर गेले आणि दादाला म्हणाले, "अण्णांची गाडी मला दुरुस्त करायचीय."

अण्णा म्हणजे आमचे वडील. वकिली करायचे. त्यांनी हैदराबादहून एक जुनी अमेरिकन मोटार आणली होती, लांबलचक, हिरवी. ते गेल्यापासून ती पत्र्याच्या शेडमध्ये कडब्याशेजारी उभी होती. दादानं इंजिन चालतं ठेवलं होतं, पण आतला एकही दिवा लागत नव्हता.

"तुला त्यातलं काय जमणार?" दादा म्हणाला.

"वायरिंग."

"फळ्यावर सर्किट काढणं वेगळं, बाई." हसला, पण चावी दिली.

हायवेवर ट्रकची कामं करणारे एक साठीचे मिस्त्री होते, त्यांना बोलावलं. त्यांनी बॉनेट उघडलं, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "सहा व्होल्टची हाय ही. अन् उलटी. बॉडीला प्लस."

"बॉडीला मायनस असतो," मी म्हणाले.

"असतो. हिच्यात न्हाय."

मीटर लावून पाहिलं. त्यांचंच खरं होतं. मग बारा व्होल्ट करायचं ठरलं. इंजिनाकडचं ते करणार आणि आतलं मी. जुन्या वायरींवर सुती कापडाचं वेष्टण होतं, हात लावला की पिठासारखं गळायचं. मी डॅशबोर्डखाली उताणी पडायची, पाय दाराबाहेर. वहिनी चहा घेऊन यायच्या आणि माझी साडी बघून हसत उभ्या राहायच्या. तिसऱ्या दिवसापासून मी ड्रेस घालून जायला लागले.

मिस्त्रींची वाट बघवेना म्हणून एका सकाळी मीच बॅटरी जोडली. पेट्रोलच्या काट्यामागून धूर निघाला. सहा व्होल्टच्या काट्याला मी सरळ बारा दिले होते. मिस्त्री आले, जळकी वायर हुंगली आणि एवढंच म्हणाले, "कुठं जायची घाई होती, म्याडम?"

काटा त्यांनी कुठूनसा दुसरा आणला. डॅशबोर्ड उजळला, हॉर्न वाजला. राहिला छतातला दिवा. दार उघडलं की तो आपोआप लागायचा, हे मला लहानपणापासून आठवत होतं. छताचं कापड उसवलं, तर वायर मधोमध तुटलेली. उंदरांनी कुरतडलेली नव्हती. पक्कडीनं कापून दोन्ही टोकांना काळी टेप गुंडाळलेली होती.

दादाला दाखवली. तो विहिरीकडं निघून गेला. दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा शेडमध्ये बसलेला होता.

"मी कापली होती," तो म्हणाला. "कॉलेजात असताना. अण्णा झोपले की गाडी काढायचो. दार उघडलं की दिवा लागायचा, त्यांना खिडकीतून दिसला असता."

"मग?"

"मग पेट्रोल कमी व्हायला लागलं. दिवा का लागत नाही म्हणून अण्णांनी छत उघडलं, ही वायर पाहिली आणि पेट्रोल ड्रायव्हरच चोरतो असं धरून त्याला काढून टाकलं."

ड्रायव्हरकाका मला आठवत होते. मला शाळेत सोडायचे. अण्णांनी चोर म्हटलेल्या माणसाला पुढं कुणी गाडी दिली नाही. ढोकीला कारखान्याच्या उसाचे ट्रॅक्टर चालवत त्यांचा जन्म गेला.

"चल," मी म्हणाले.

"आत्ता? दिवा तरी लावून घे."

"दिवा राहू दे."

आम्ही त्याच गाडीनं ढोकीला गेलो. दादाच चालवत होता, दोनदा म्हणाला, "परत फिरू का?" काका ओट्यावर बसले होते, पार वाळलेले. दादानं उभ्यानंच सगळं सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं. रस्त्यावरच्या गाडीकडं त्यांनी मान वळवली नाही.

"आता सांगताय व्हय?" ते म्हणाले. "माझ्या बापाला सांगायला पायजे होतं. तो मरस्तवर मला इचारत होता, पोरा, खरंच चोरलं का?"

दादा खाली बसला. काकांच्या सुनेनं चहा आणला. मी कप खाली ठेवला. दादानं पूर्ण कप संपवला. 'माफ करा' म्हणाला. काकांनी सुनेला कप न्यायला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात दादा एकटाच एसटीनं ढोकीला गेला. नंतर परत गेला. तिथं काय बोलता, असं मी एकदा विचारलं. "बोलत नाहीत," म्हणाला, "पण उठ म्हणत नाहीत." परवा काकांना मोतीबिंदूसाठी धाराशिवला घेऊन गेला होता. तेही एसटीनंच. त्या गाडीत बसणार नाही, असं काकांनी स्पष्ट सांगितलंय.

छतातला दिवा मी नंतर जोडला. तो लागतो. आता मी मागच्या काचा खाली-वर करायला मोटर बसवता येते का, ते बघतेय. मिस्त्री म्हणतात, काय गरज हाय? गरज काही नाही, पण दुपार झाली की मला बस धरावीच लागते.