फुलोऱ्याबाहेरची करंजी

मी नागपूर सोडलं त्या दिवशी आई स्टुलावर उभी राहून फुलोरा उतरवत होती. पुण्याकडे ज्यांना गौरी म्हणतात त्या आमच्या विदर्भात महालक्ष्म्या. दोघी बहिणी, पितळी मुखवट्यांच्या. त्यांच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची आणि तिला दोऱ्यांनी करंज्या, पापड्या, पिठाच्या वेण्या-फण्या लटकवायच्या, तो फुलोरा. पूजा आटोपली होती, मुखवटे पुसून पेटीत गेले होते आणि माझी टॅक्सी यायची होती. नवरा आधीच हॉलंडला पोचला होता. आई एकेक करंजी सोडवून डब्यात टाकत होती आणि बाबा खाली बॅग काट्यावर ठेवून पुन्हा पुन्हा वाकून बघत होते.

"तिथं गेली का आधी देवापुढं ठेवजो, मंग तोंडात टाकजो," आई म्हणाली.

"जिकडं जाशीन तिकडं घर मांडजो," बाबा म्हणाले, "पत्ता मात्र हाच सांगत जाय."

तेव्हा ते ऐकून माझे डोळे भरून आले होते. आता त्याच वाक्याचा राग येतो. आमच्या नंदनवन कॉलनीतल्या ज्या मैत्रिणी मागे राहिल्या आणि ज्या माझ्यासारख्या बॅगा घेऊन निघून आल्या, त्या सगळ्यांनाच हे सांगायचंय, की पत्ता सांगायला कोणीच अडवत नाही. त्या पत्त्यावरचं काही मागून बघा, मग कळतं.

फ्रॉक घालत होते तेव्हापासून आमच्या घरचा फुलोरा मी केला. आई पारी लाटायची, सारण भरायची आणि करंजी माझ्या हातात द्यायची, कारण माझ्यासारखी मुरड तिलाही जमत नसे. बोटाच्या चिमटीत कड धरायची, दुमडायची, पुढे सरकायचं, पुन्हा दुमडायचं. तळायच्या आधी कडेला काडीनं भोक पाडायचं, म्हणजे नंतर दोरा ओवता येतो. भोक पार कडेला पडलं तर करंजी तुटून देवीच्या डोक्यावर पडते, फार आत पडलं तर सारण तेलात. चव घ्यायची नाही. बोलायचंही नाही, थुंकी उडते म्हणून. गप्प बसणं हा माझा पिंड नाही, तरी त्या दिवसांत मी तोंडाला कुलूप लावून बसायची. दादा तेव्हा गल्लीत क्रिकेट खेळत असायचा. आरतीला यायचा, घंटा वाजवायचा, आणि सगळ्यात मोठी करंजी कोणती ते आधीच हेरून ठेवायचा.

हॉलंडमधलं आमचं गाव आइंडहोवनच्या बाहेर आहे. सायकली, कालवे, आणि घराघरांच्या मागे नाशपातीची झाडं. इथे नाशपातीला 'पेर' म्हणतात. शेजारी रिया नावाची बाई राहते, सत्तरीची, एकटी. सप्टेंबर आला की तिच्या झाडाला इतक्या नाशपात्या लागतात की ती बादल्या भरभरून वाटत सुटते. पहिल्या वर्षी तिनं मला एक बादली दिली आणि वर हँड पाय करायला शिकवलं. म्हणजे आत सारण भरून ओव्हनमध्ये भाजलेला, हातात धरून खायचा छोटा पाय. मी मनात म्हटलं, बाई, ही तर करंजी.

पण करंजी नव्हतीच ती. करंजीचं पीठ आपण कुटून कुटून मऊ करतो. रिया पिठाला हातच लावू देईना. बटर फ्रीजमधलं थंडगार, पाणी बर्फाचं, पीठ जेमतेम गोळा होईल इतकंच. मी मळायला लागले की माझ्या हातावर चापट मारायची. नाशपाती साल काढून बारीक चिरायची, लिंबू पिळायचं, थोडी मिरपूड, आणि जुनं, कडक झालेलं गौडा चीज किसून. गोड आणि खारट एकत्र. पहिला घास घेतला तेव्हा मला ते आवडलं की नाही हेच ठरवता आलं नाही. दुसऱ्या दिवशी उरलेले सगळे मीच संपवले.

बाबा गेले त्याला काही वर्षं झाली. ते गेल्यावर आईनं महालक्ष्म्यांना हात लावणं सोडलं. तिला कोणी मनाई केली नव्हती, तिनंच ठरवलं. कुंकू गेलेल्या बाईनं देवी बसवायची नाही, घरच्या सुनेनं बसवायची. म्हणून वहिनी दर वर्षी सुट्टी काढून पुण्याहून यायची, पूजा मांडायची, परत जायची. फुलोरा गांधीबागेच्या बाजारातून विकत यायला लागला. मग एका वर्षी वहिनीनं सरळ सांगितलं की तिला आता हे झेपणार नाही. तिला मी एका शब्दानं बोलणार नाही. नोकरी करणारी बाई, तिच्या माहेरी ही पद्धतच नाही. जे तिनं कधी मागितलं नव्हतं ते तिच्या गळ्यात बांधलं होतं, ते तिनं काढून ठेवलं.

मी मात्र मागितलं. व्हिडिओ कॉलवर आई आणि दादा दोघंही होते.

"मुखवटे मला दे," मी म्हटलं. "मी बसवीन. रजा मिळते मला इथे."

आईनं चष्मा काढून पुसला. "लेकीले देत नाही वं महालक्ष्म्या. त्या सुनेच्या असते. तुह्या सासरचा देव तुहा."

"सासरी एक खंडोबा आहे, आणि तोही मोठ्या दिरांकडे."

"मंग? त्याच्यासाठी नियम बदलन का?"

"इकडून तिकडं कशाला नेतेस गं," दादा म्हणाला. पुण्यात राहून त्याची बोलीही धुतली गेली आहे. "विमानतळावर विचारतील, हे काय म्हणून. उगीच भानगड."

मग मी चिडले. "इतकी वर्षं फुलोरा मी केला, तेव्हा नाही आठवला नियम?"

आई शांतपणे म्हणाली, "काम करायले कोणाची मनाई असते का?"

ती हे टोमणा म्हणून बोलली नाही, हेच जास्त लागलं. पाणी वर चढत नाही हे सांगावं, इतक्या साधेपणानं बोलली. मी कॉल बंद केला. नवरा म्हणाला, आपण नवे मुखवटे आणू, नागपुरातच मिळतात. बाजारात सगळंच मिळतं. आईसुद्धा मिळाली असती तर बघितलं असतं, असं काहीतरी मी त्याला बोलले आणि तो बिचारा भांडी घासायला निघून गेला.

त्यांनी काय ठरवलं ते मला कोणी सांगितलं नाही. सप्टेंबरातल्या एका शनिवारी रिया माझ्या स्वयंपाकघरात होती आणि आम्ही दोघी पाय करत होतो. ती वाटीनं गोल कापत होती, मी भरत होते. ती कडा काट्यानं दाबते. मी मुरड घातली. रियानं लगेच फोटो काढला, तिच्या नातीला पाठवला, आणि बोटं नाचवत मला पुन्हा करून दाखवायला लावलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? किती वर्षांनी कोणी माझ्या मुरडीकडे बघितलं होतं.

ट्रे ओव्हनमध्ये गेला आणि थोड्या वेळानं दादाचा व्हिडिओ आला. मौद्याजवळ कन्हान नदीचा काठ. दादा गुडघाभर पाण्यात उभा, हातात लाल कापडाचं गाठोडं. ते त्यानं पाण्यात ठेवलं आणि सोडलं. पितळ ते, तरंगत थोडंच? आई काठावर हात जोडून. खाली दादानं लिहिलं होतं, 'झालं सगळं व्यवस्थित. आई शांत आहे.'

गुरुजींना विचारून केलं, असं त्याच्या पुढच्या मेसेजमध्ये होतं. पुढे बसवणारं कोणी नसेल तर नदीत सोडावं. पुढे बसवणारं कोणी नसेल! मी वाक्य पुन्हा वाचलं. आमच्या घरात माझी गणना 'कोणी'त होत नव्हती. नदीला दिलं, पण मला दिलं नाही.

जळका वास आला तो रियाला आधी. ओव्हन उघडला तर नाशपातीचा रस प्रत्येक पायच्या कडेतून बाहेर येऊन ट्रेवर काळा झाला होता. रियानं एक पाय उचलून उजेडात धरला. वाफ जायला वरच्या बाजूला चिरा द्यायच्या असतात. मी तर सगळ्यांना कडेलाच भोकं पाडली होती. माझ्या हातांनी मला न विचारता फुलोरा केला होता. तळताना सारण कोरडं असतं म्हणून खपतं, नाशपातीला पाणी सुटतं.

हे भोक कशाला, तिनं विचारलं. टांगायला, मी म्हटलं. कुठे टांगायचं, तिनं विचारलं, आणि मी ओट्याला धरून रडायला लागले. रियाला काहीच समजलं नाही. तिला वाटलं पाय जळले म्हणून रडते आहे. तिनं मला खुर्चीवर बसवलं, काळा भाग सुरीनं खरवडून काढला आणि खाऊन दाखवला, छान लागतंय म्हणून.

आता मी चिरा बरोबर देते. ऑफिसात माझे पाय प्रसिद्ध आहेत. फोटो टाकला की नागपूरच्या मैत्रिणी लिहितात, वा, काय फ्यूजन! फ्यूजन म्हणे. माझ्याकडून घर काढून घेतलं आणि त्याला छान नाव ठेवलं.

या वर्षी मी महालक्ष्म्यांच्या दिवसांतच नागपूरला गेले. मुद्दाम. बघायचं होतं त्या दिवशी घर काय करतं ते. घर काहीच करत नव्हतं. देवी बसायच्या त्या कोपऱ्यात इस्त्रीचं टेबल होतं. शेजारपाजारच्या घरांतून आरत्या ऐकू येत होत्या आणि आई टीव्हीचा आवाज वाढवून बसली होती. मी जरीपटक्याला जाऊन नाशपाती आणली, चीज आणलं, आणि तिच्या छोट्या ओव्हनमध्ये पाय केले. नागपूरच्या त्या उकाड्यात बटर थंड राहता राहीना. पीठ फ्रीजमध्ये, मी घामात. आई दारात उभी राहून बघत होती.

"मळून काहून नाही राहिली वं?"

"याला मळत नाहीत."

"मंग मुरड तरी नीट घालजो."

मी घातली. पहिली ताटली निघाल्यावर मी विचारलं, "देवापुढं ठेवू?"

आईनं ताटलीकडे बघितलं, मग देव्हाऱ्याकडे. "त्या चीजमंदी काय काय घालते, कोणाले माहीत. राहू दे. मी खाते ना." आणि खाल्लीही, एक नाही, दोन. "गोड आहे का खारट, काही समजत नाही. पण खुसखुशीत झाली बरं." आईला माझ्या हातचं पोटभर चालत होतं; देवाला चालत नव्हतं.

निघायच्या दिवशी तिनं ओटीची तयारी केली. तांदूळ, नारळ, ब्लाउजपीस, हळकुंड. माहेरी आलेली लेक रिकामी जाऊ नये म्हणून. पण आई ओटी भरत नाही. तोही तिचाच नियम. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू येऊन भरतात. त्या दिवशी काकूंच्या दाराला कुलूप होतं. भिवापूरला लेकीकडे गेल्या होत्या. आई दोनदा जाऊन कुलूप बघून आली, जणू दुसऱ्यांदा ते उघडणार होतं.

"तूच भर," मी म्हटलं.

"मी कशी भरू वं?"

"आई आहेस माझी म्हणून."

"तसं नसते." तिनं ताट छातीशी धरलं. "तुह्या चांगल्यासाठीच नाही म्हणून राहिली मी. समज ना."

आणि मला समजलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की ती मालकीण आहे आणि मला देत नाही. तिच्या हातात काहीच नव्हतं. चाळीसेक वर्षं त्या देवींची पेटी उचलली, झाकली, पुसली, आणि एका सकाळी तिलाही दारातच थांबवलं गेलं, फक्त थांबवणारी ती स्वतःच होती. मला तिची दया आली. राग गेला नाही. दोन्ही एकत्रच राहिलं, आणि मला वाटतं राहील.

खाली टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला. आईनं तांदळाचं ताट खुर्चीवर ठेवलं, माझ्या जीन्सकडे बघितलं, आणि स्वतःच्या खांद्यावरची ओढणी काढून माझ्या हातात दिली.

"तू घे तुह्या हातानं," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिनं भरली असं व्हायला नको म्हणून.

मी ओढणीची झोळी केली. ओंजळीनं तांदूळ घेतले, नारळ घेतला, कापड घेतलं, गाठ मारली. आई पाठमोरी, हळू आवाजात विचारत होती, "हळकुंड घेतलं? नारळाची शेंडी तुह्याकडं हाय ना?" मी हो म्हणत होते.

घर कुठे आहे असं मला इथे सगळे विचारतात. मी नागपूर सांगते, बाबांनी सांगितलेला पत्ताच सांगते. पण माझ्यापुरतं घर म्हणजे आता ती खुर्ची आणि भिंतीकडे तोंड केलेली आई. तिथे मला कोणी काही देऊ शकत नाही. मी जाते, आणि आपल्या हातानं घेऊन येते.