पाहुण्यांपुरता पंखा

परवा थोरल्या बहिणीकडून निघालो आणि विसरलेल्या चष्म्यासाठी जिन्यातूनच परत फिरलो. दार उघडंच होतं. तेवढ्या वेळात पंखा थांबला होता, दिवाही मालवला होता. तिन्हीसांजेला घरात अंधार नको म्हणून आयुष्यभर आमच्यावर ओरडलेली ताई अंधारात पदरानं वारा घेत बसली होती.

मला पाहताच ती लगबगीनं बटणाकडे गेली.

"राहू दे ताई, मी निघालोच."

"असू दे रे. आलेल्या माणसाला उकडायला नको."

महागाईवर आपण तावातावानं बोलतो ते पंख्याखाली बसून. महागाई मुक्कामाला असते आपण उठून गेल्यानंतरच्या घरात. सख्खा भाऊ असून मी ताईच्या घरात आलेला माणूस झालो होतो.

चष्मा घेऊन निघालो. दोन पायऱ्या उतरलो, तोच मागे बटण वाजलं.